ऐकू येईल असा खो

“ह्या पोट्टीचा खो मले कधी ऐकूच आला नाई.”

पडद्यापलीकडे कोणीतरी हे म्हणालं तेव्हा मी मशीनची गुंडाळी पुसून स्टँडवर अडकवत होते. पडद्याला खेटून ठेवलेल्या बाकावर बसलेली बाई बारीक आवाजात शेजारच्या पेशंटच्या बायकोला माझ्याबद्दल सांगत होती.

“राखीव होती. बारा नंबर. पळे हरणावानी. पण पाठीवर हात ठेवे अन् तोंडातल्या तोंडात खो म्हणे. आता समोरची ऐकल्याबिगर उठन कशी? पंच मारे शिट्टी. फाउल.”

“बचपन में सब शरमाते हैं, दीदी,” शेजारची म्हणाली.

“ही अजूनही शरमाते. पाहा तुम्ही, आता पडदा सारीन अन् गुड मॉर्निंग मॅम म्हणीन. तेही फरशीले.”

मी पडदा सारला आणि फरशीकडे बघत म्हणाले, “गुड मॉर्निंग, मॅम.”

मेश्राम मॅडम हसल्या असाव्यात. नक्की सांगता येत नव्हतं, कारण कंपवातात चेहरा लवकर थिजतो आणि हसू आतच राहतं. बोलण्याची ढब त्यांचीच होती, पण आवाज ओळखू येत नव्हता. शाळेत मैदानाच्या एका टोकाला उभ्या राहून त्या दुसऱ्या टोकाच्या मुलीला नावानं झापायच्या, ते आम्हाला तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात ऐकू यायचं. आता दोन हातांवर असूनही मला पुढे वाकावं लागत होतं.

रायपूरच्या शंकर नगरमधल्या त्या क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट होते, आणि डॉक्टरांनी मेंदूला चुंबकीय झटके देण्याचं नवं मशीन घेतल्यापासून ते चालवण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. माझ्या स्वभावाला ते बरं होतं. पेशंटच्या कानांत बोळे असतात, मशीन टकटक करत असतं, बोलावं लागत नाही.

मॅडम आमच्या इंग्रजी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. शाळेला बास्केटबॉलचं सिमेंटचं मैदान होतं आणि त्याचा अभिमान होता. मॅडमनी सायकल स्टँडमागची मातीची पट्टी मागून घेतली आणि तिथे खो-खो सुरू केला. इंग्लिश मीडियमच्या मुली मातीत बसणार नाहीत, असं प्रिन्सिपल म्हणाल्या होत्या म्हणे. मॅडमनी आम्हाला बसवलं. चौकोनात उकिडवं, तळवे जमिनीला टेकून. “बसलेली पोट्टी रिकामी नाही राहत,” त्या म्हणायच्या. “तिचं सगळं अंग कान झालं पाहिजे.”

सकाळी प्रार्थनेच्या आधी येऊन त्या स्वतः रेषा आखायच्या. बुडाला भोक पाडलेला पत्र्याचा डबा, त्यात चुना, आणि त्या उलट्या चालत जायच्या. एकदा मी विचारलं होतं, उलटं का? “पुढं चाललं की आपलाच पाय रेषेवर पडते,” म्हणाल्या. उरलेल्या चुन्यानं स्वतःचे कॅनव्हासचे बूट पांढरे करायच्या. शाळेच्या पाठीमागच्या भिंतीवर उरला भागातल्या कारखान्यांची काळी धूळ बसलेली असायची. त्या जाता येता बोट फिरवून ते बोट आम्हाला दाखवायच्या, जणू कारखाने आम्हीच चालवत होतो.

माझ्याशी त्या मराठीत बोलायच्या, कारण वडील रेल्वेत आणि आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचे यजमानही रेल्वेतच होते, ते लवकर वारले. मी उत्तर इंग्रजीत द्यायची. “यस मॅम काय? हो म्हण ना. इथं कोणी ऐकून नाही राहिलं,” त्या म्हणायच्या. तरी मी यस मॅमच म्हणायची.

रायपूर राजधानी झाली तशी शाळेच्या मागे सरकारी निवासस्थानं उठली, रस्ता रुंद झाला आणि ती मातीची पट्टी गेली. मॅडमनी त्याबद्दल कुठे तक्रार केल्याचं मला आठवत नाही. फक्त म्हणाल्या, “राजधानी झाली, आता सगळे पळन. पण पळायच्या आधी बसायचं राहते, ते कोण शिकवन?”

पहिल्या दिवशी मी त्यांना अंगावरचं धातूचं सगळं काढायला सांगितलं. कानातले काढले, केसांची पिन काढली. गळ्यात अजूनही स्टीलची शिट्टी होती. ती काढायला त्या तयार होईनात.

“मॅम, हे चुंबक आहे. शिट्टी चालणार नाही.”

“मंग तू घाल गळ्यात. टेबलावर नको ठेवू.”

मशीनजवळ मलाही घालता येत नव्हती. मी ती पडद्यापलीकडे खिडकीच्या कडीला टांगली. त्या मान वळवून तिच्याकडे बघत राहिल्या. मान वळायला फार वेळ लागला.

उपचार असा असतो. आठच्या आकड्यासारखी एक गुंडाळी डोक्याला बाहेरूनच टेकवतात. तिच्यातून झटके सुटले की कवटीच्या आत, हालचाल ठरवणाऱ्या भागाला हलका धक्का पोचतो. चिरफाड नाही, भूल नाही. सुरुवातीला प्रत्येकाची मात्रा ठरवावी लागते. त्यासाठी हाताचा अंगठा कधी उडतो ते बघायचं. मी गुंडाळी थोडी सरकवली, जोर थोडा वाढवला, आणि मॅडमचा अंगठा टुणकन उडाला.

त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. “हे कोणं केलं?”

“मी केलं, मॅम.”

“मी तर नाही सांगितलं त्याले उठायले.”

“नाही. मशीननं सांगितलं.”

पुन्हा झटका, पुन्हा अंगठा. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं दुखलं. त्या म्हणाल्या, “मंग हे पायाले सांग ना. पायाले सांग, पोट्टी.”

त्यांचं सगळं पायांवर अडलं होतं. कंप फारसा नव्हता. मोकळ्या जागेत त्या बऱ्या चालायच्या, छोटी पावलं टाकत. पण दार आलं, वळण आलं, फरशीचा रंग बदलला की पाय जमिनीला चिकटायचे. धड पुढे जायचं आणि पाय मागे राहायचे. समता कॉलोनीतल्या घरात त्या एकट्या राहत. पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या दारात अशाच पडल्या आणि कामवाली फुलबाई येईपर्यंत तिथेच होत्या. तेव्हा बंगळूरहून मुलगा आला, अमोल. म्हणाला, मम्मी, आता माझ्याबरोबर चल. मॅडम म्हणाल्या, मी इथून हलत नाही. मग दोघांत एक ठरलं, आणि नियम मॅडमनीच केले. दिवाळीला अमोल येईल. त्याच्यासमोर त्या पलंगापासून फाटकापर्यंत चालत जातील. मध्ये दोन दारं, एक वळण. कोणी हात लावायचा नाही, कोणी आवाज द्यायचा नाही. पोचल्या तर रायपूरला राहतील. नाही पोचल्या तर सामान बांधायचं.

हे त्यांनी मला मशीनखाली बसून सांगितलं. टकटक चालू होती. “म्हणून तुयाकडे आली,” म्हणाल्या. “तिथं चौदाव्या मजल्यावर राहते तो. माती पाहायले लिफ्टनं खाली जा लागते.”

सुरुवातीला फरक दिसला. ब्लाऊजची हुकं स्वतः लावता यायला लागली. रात्री कूस बदलता यायला लागली, हे त्यांनी आल्या आल्या बाकावरच्या सगळ्यांना सांगितलं. डॉक्टर खूश झाले. ते रोज केबिनमधून जाता जाता म्हणायचे, “देखा माताजी? और फ़र्क पड़ेगा.” मॅडमना माताजी म्हटलेलं आवडायचं नाही, पण ‘और’ हा शब्द त्या घरी घेऊन जायच्या.

दारं मात्र तशीच राहिली. क्लिनिकच्या आतल्या दारात त्या रोज अडकायच्या. एकदा अशाच उभ्या राहिल्या, दोन्ही बाजूंना पेशंट बसलेले, सगळे बघत होते. मॅडम मागे न वळता म्हणाल्या, “चौकोनात बसल्यावानी वाटते मले. पाय तयार आहेत. कान देऊन बसलेत. पण कोणी खो देऊन नाही राहिलं. दे बरं तू.”

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले. बाकावरच्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

पाय हलले नाहीत.

“ऐकू नाही आला,” मॅडम म्हणाल्या.

मग मी फिजिओथेरपीत शिकवलेली युक्ती केली. माझा बूट त्यांच्या पायापुढे आडवा ठेवला. ओलांडायला काही समोर दिसलं की अडकलेलं पाऊल कधीकधी उठतं. त्यांचं उठलं. बुटावरून पाय टाकून त्या दारापलीकडे गेल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, “अच्छा. म्हणजे रेषा पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी दोन्ही दारांत आणि वळणावर चुन्याच्या आडव्या रेषा होत्या. उलटं चालणं आता त्यांना जमणार नव्हतं, म्हणून खुर्चीत बसून, खुर्ची थोडी थोडी सरकवत त्यांनी त्या आखल्या होत्या. मी संध्याकाळी बघायला गेले. रेषा शाळेत असायच्या तशाच सरळ होत्या. मॅडम त्यांच्यावरून पाय टाकत दारातून गेल्या आणि परत आल्या. फुलबाई कंबरेवर हात ठेवून बघत होती. “दाई, पारा वाले मन पूछत हें, टोना-टोटका करत हस का?” मोहल्ल्यातले लोक विचारतात, जादूटोणा करतेस का, असं ती म्हणत होती. मॅडम म्हणाल्या, “हव, करत हों. बोल दे.”

त्या दिवशी मला वाटलं होतं की जमेल. पण त्यांच्या कपाळावर केसांच्या कडेनं एक लालसर वळ होता. मी विचारलं. त्यांनी उशीखालून एक लोकरीची टोपी काढली. आतून कापड शिवलेलं होतं आणि कापडात जुन्या रेडिओच्या स्पीकरमधली, फ्रीजच्या दारावरची, कुठली कुठली चुंबकं. टोपी इतकी जड होती की मला दोन हातांनी धरावी लागली.

“मॅम, हे तसं नसतं. त्या मशीनमध्ये वीज बदलत राहते, म्हणून आत पोचतं. हे नुसतं चुंबक आहे. यानं काही होत नाही.”

“नुकसान होते का?”

“नाही. पण…”

“मंग राहू दे. मशीन तुमची संध्याकाळी बंद होते. त्याच्यानंतर मी काय करू?” त्यांनी टोपी परत घेतली. उशीखाली त्यांनी ती नीट सपाट करून ठेवली.

दिवाळी जवळ आली तशी हुकं पुन्हा अडायला लागली. मी जे बघत होते ते मॅडमनाही कळत होतं. ह्या उपचारानं आजार जात नाही. काहींच्या हालचाली काही काळ सैल होतात, काहींच्या होत नाहीत, आणि सैल झालेल्या पुन्हा आवळतात. हे कागदावर लिहिलेलं असतं, पेशंट सही करतात. एक दिवस गुंडाळी डोक्याला लावणार तेवढ्यात मॅडमनी माझं मनगट धरलं.

“वाढव ना थोडं.”

“ठरलेल्या मात्रेपेक्षा नाही वाढवता येत, मॅम. फिट येऊ शकते.”

“येऊ दे.”

“मॅम, प्लीज.”

“डॉक्टर म्हणते फरक पडन. तू सांग. अमोल येईपर्यंत मी दारातून जाईन का, रेषा असो की नसो?”

“लेट्स सी, मॅम.”

“मराठीत सांग. मराठीत खोटं नाही बोलता येत तुले.”

पडद्यापलीकडे डॉक्टर कोणाशी तरी फोनवर हसून बोलत होते. मी म्हणाले, “माहीत नाही.”

त्यांनी मनगट सोडलं. “बरं झालं,” म्हणाल्या. “चालू कर.”

अमोल आला त्या सकाळी मॅडमनी मलाही बोलावलं होतं. पंच म्हणून, असं त्या म्हणाल्या. मी गेले तेव्हा फाटकाशी आकाशकंदील लागला होता आणि घर नुकतं धुतल्यासारखं चमकत होतं. मी आत पाऊल टाकलं आणि खाली बघितलं. फरशी ओली, स्वच्छ, एकसारखी. दारात रेषा नव्हत्या. वळणावरही नव्हत्या.

फुलबाई पदराला हात पुसत बाहेर आली, तोंडभर हसत. “बेटा आवत रिहिस, त घर ल चमका देंव. चूना घलो छोड़ा देंव, घिस-घिस के.”

चुना घासून काढायला तिला सकाळभर लागली असेल. तिला काय बोलणार. मॅडमना अजून दिसलं नव्हतं. त्या आतल्या खोलीत पलंगावर तयार बसल्या होत्या, पांढरी साडी, कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. अमोल हॉलमध्ये खुर्चीवर होता. तो माझ्याहून थोडा मोठा. शाळेत असताना तो मैदानाच्या कडेला गृहपाठ करत बसायचा. मी त्याला हळूच म्हणाले, रेषा पुसल्या गेल्यात, पुन्हा आखूया, थोडा वेळ द्या. त्याला कळलं नाही मी कसल्या रेषा म्हणतेय. आणि तेवढ्यात आतून शिट्टी वाजली. वाजली म्हणजे हवा गेली. आवाज झाला नाही, पण सुरुवात झाली.

मॅडम उठल्या, पलंगापासून दारापर्यंत आल्या आणि खाली बघितलं.

मी त्यांचे डोळे बघितले. त्यांनी फुलबाईकडे बघितलं, तिच्या हसऱ्या तोंडाकडे. पुन्हा खाली बघितलं. पाय जागच्या जागी थरथरायला लागले, टाचा उचलायच्या आणि परत टेकायच्या. धड पुढे झुकलं. अमोल खुर्चीतून अर्धा उठला. त्यांनी नुसती बोटं उचलली, हात लावायचा नाही, तो परत बसला. मी भिंतीला टेकून उभी होते. माझा बूट त्यांच्यापासून दोन वितींवर होता. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, नाही अशी. नियम त्यांचे होते.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. बाहेर पोरं फटाके उडवत होती. अमोलचा चेहरा ओला झाला होता आणि तो पुसत नव्हता. फुलबाईचं हसू हळूहळू गेलं. काहीतरी आपल्याकडून झालं, एवढं तिला कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. मॅडमच्या ओठांवर घाम होता. त्या दाराच्या चौकटीत तशाच उभ्या होत्या, बूट उंबऱ्याला जवळजवळ टेकलेले.

मग त्या म्हणाल्या, “आउट.”

अमोलला ऐकू आलं नाही. “क्या, मम्मी?”

“आउट झाली मी. आता धर.”

सामान बांधायला त्यांनी मला बोलावलं नाही. क्लिनिकमध्ये मात्र शेवटच्या दिवसापर्यंत येत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, बंगळूरला याहून मोठी मशीनं आहेत, माताजी. मॅडमनी मान डोलावली. निघताना फुलबाईला त्यांनी घरातली तुळस आणि चुन्याचा डबा दिला. डबा कशाला, असं मी विचारलं. “ती घासते चांगलं,” म्हणाल्या, “आता आखायलेही शिकन.” फुलबाई रडत होती. तिला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही, आणि मॅडमनी मलाही सांगू दिलं नाही.

त्या आता अमोलकडेच असतात. मी फोन करते, पण त्यांचा आवाज आता फोनला लागत नाही. अमोल फोन त्यांच्या तोंडाशी धरतो, थोडा श्वास ऐकू येतो, आणि मग तो सांगतो, मम्मी पूछ रही है, खाना खाया?

त्यांच्या मनासारखं शेवटी एवढंच झालं की रायपूर सोडताना त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या नाहीत. विमानतळावर खुर्चीशिवाय नेणार नाहीत म्हणून त्यांनी रेल्वे मागितली होती. स्टेशनवर हमाल खुर्ची घेऊन आलाच होता. त्या तिच्या शेजारून चालत डब्यापर्यंत आल्या, माझ्या हाताला न धरता. अमोल सामान घेऊन आत चढला आणि वळून दोन्ही हात पुढे केले. मॅडमनी डब्याचं दार बघितलं. फलाट आणि पायरीमधली काळी फट बघितली.

पाय थांबले.

“मम्मी, आओ न.” त्यानं हात धरले आणि ओढले. ओढलं की पाय आणखी घट्ट होतात, हे मी त्याला किती वेळा सांगितलं होतं. मागे लोक जमले. कोणाची पेटी माझ्या पोटरीला लागली. “माताजी को बैठा दो भाई, कुर्सी है न,” एकजण म्हणाला. “उठा के रख दो अंदर,” दुसरा म्हणाला, आणि त्यांच्या काखेत हात घालायला पुढे झाला. हमालानं खुर्ची जवळ आणली. पुढे कुठेतरी इंजिनाचा भोंगा झाला. मॅडमचा चेहरा मला दिसत नव्हता. नुसती पाठ दिसत होती, शाल, आणि मानेवर शिट्टीची दोरी. त्यांनी काही मागितलं नाही. दोन्ही तळवे अंगाजवळ खाली वळवलेले होते, जमिनीला टेकल्यासारखे.

त्या माणसाला मी कोपरानं बाजूला केलं. अमोलला खूण केली, हात सोड. त्यानं सोडले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मॅडमच्या मागे उभी राहिले, त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला, आणि फलाटाच्या दुसऱ्या टोकाला पंच उभे आहेत असं समजून म्हणाले,

“खो.”